कळकलेलं पाणी

नळ माझ्या हातात तुटला तेव्हा केळुसकर साहेब खाली जेवायला बसले होते आणि इंदूताई माझ्या मागे ड्रमचं झाकण धरून उभ्या होत्या.

"मोडला?" त्यांनी विचारलं.

"जुना झाला होता."

"गेल्या दिवाळीत तूच बसवलास."

इंदूताईंच्या सगळं लक्षात राहायचं. कुठल्या दिवशी कुठला पाइप बदलला, कुठली नळी मी 'उद्या आणतो' म्हणून पंधरा दिवसांनी आणली, त्यांना तारखेसकट ठाऊक असायचं. मला त्यांची ही खोड फार जाचायची. मी सव्वीस वर्षांचा होतो. लोकांच्या स्वयंपाकघरातले पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचो, आणि चार बंगल्यांत जाणंयेणं झालं म्हणून स्वतःला इंजिनिअर समजायचो.

एप्रिलची दुपार होती. नाशिकला एप्रिलमध्ये गच्चीवरच्या खोलीत उभं राहणं म्हणजे भाकरीसारखं भाजून निघणं. त्या खोलीत साहेबांचा फिल्टर होता, भिंतीवर ओळीने लावलेल्या चार नळकांड्यांचा, आणि त्याच्याखाली निळा ड्रम. ड्रमच्या बुडाशी नळ आणि नळातून निघालेली बारीक नळी जिन्याच्या कडेने खाली दिवाणखान्यात जायची, साहेबांच्या समुद्राकडे.

समुद्रच म्हणायचे ते. केळुसकर साहेब मूळचे मालवणकडचे. औषध कंपनीत रसायनतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर गंगापूर रोडच्या बंगल्यात सहा फुटांच्या काचेच्या टाकीत समुद्र आणून ठेवला. आत जिवंत पोवळी होती, जांभळी, हिरवी, बोटं हलवावीत तशी हलणारी. दोन केशरी मासे, काचेवर चिकटलेल्या गोगलगायी आणि लाल पट्ट्यांची एक कोळंबी. मालवणी माणसाने कोळंबी पाळावी हे कलियुगाचं लक्षण आहे, असं त्यांचे मित्र म्हणायचे, आणि साहेब हसायचे.

मीठ पाकिटातून यायचं. पाणी मात्र घरीच शुद्ध करावं लागायचं. टाकीतलं पाणी उकाड्याने उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून जेवढं उडालं तेवढंच ताजं गोडं पाणी रोज आत सोडायचं. उन्हाळ्यात दिवसाला बादलीभर. हे पाणी इतकं शुद्ध हवं, की त्यात काय विरघळलंय ते सांगणाऱ्या मीटरवर आकडा शून्य आला पाहिजे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साहेबांना जिना चढता येत नव्हता. त्यामुळे रोज सकाळी इंदूताई वर जायच्या, मीटर बघायच्या आणि जिन्यावरूनच सांगायच्या, "शून्य, साहेब." साहेब ते वहीत लिहायचे. त्या घरात इंदूताई दहा वर्षं स्वयंपाकाला होत्या, मागच्या खोलीत राहायच्या. कमी वयात नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पोवळ्यांना त्या फुलं म्हणायच्या आणि कोळंबीला चमच्याने खायला घालायच्या. साहेब त्यांच्या शब्दावर वहीत आकडा लिहितात, ह्याचा त्यांना किती अभिमान होता ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिल्याच दिवशी साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "अनंता, एक गोष्ट ध्यानात ठेव. ह्या पाण्याच्या वाटेत कुठेही धातू येता कामा नये. शुद्ध पाणी उपाशी असतं रे. ज्याला शिवेल त्यातलं थोडं खातं." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं.

तर त्या दुपारी तुटका नळ हातात घेऊन मी पिशवीत हात घातला. प्लॅस्टिकचा नळ नव्हता. तो आणायचा तर रविवार कारंजाच्या बाजारात जावं लागणार, जाऊन येऊन तास जाणार, डोक्यावर ऊन. पिशवीच्या तळाशी एक पितळी नळ होता, दुसऱ्या कुणाच्या तरी घरून उरलेला, चांगला जड. मी तो बसवला. थेंबभर गळला नाही.

इंदूताई वाकून बघत होत्या. "हा पितळेचा आहे."

"मजबूत आहे. मोडणार नाही आता."

"आतून कल्हई आहे का ह्याला?"

"कल्हई?" मला हसूच आलं.

"कल्हई नसली तर कळकतं. पाणी कळकणार नाही का रे?"

इंदूताई तांबट आळीतल्या. वडील तांब्यापितळेची भांडी घडवायचे. त्यांनी घडवलेला एक तांब्या ताईंच्या खोलीत देवापाशी असायचा, ठोक्यांच्या खुणा असलेला. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं की ते हिरवं होतं, खाल्लं की मळमळतं, हे त्यांना लहानपणापासून पाठ. मलाही ते आईकडून माहीत होतं. पण पाण्याचं शास्त्र एका स्वयंपाकीणबाईने मला शिकवायचं म्हणजे काय.

"ताई, पाणी कुठं कळकतं? ही काय कढी आहे?" मी म्हणालो. "उद्या प्लॅस्टिकचा आणून बसवतो. साहेबांना उगाच सांगू नका, काळजी करत बसतात."

"मी कशाला सांगू? तुझं काम, तू सांग."

मी सांगितलं नाही. त्यांनीही चुगली केली नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. तिसऱ्या दिवशी मी प्लॅस्टिकचा नळ विकत घेतला, पिशवीत टाकला, आणि तो तिथेच राहिला. गळत नव्हतं. गळत नसलेल्या गोष्टीसाठी भर उन्हात जिना चढून कोण जातो.

तीन आठवड्यांनी साहेबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण त्यांनी माझी चौकशी केली नाही. नुसतं म्हणाले, "येऊन जा."

दिवाणखान्यात शिरलो आणि टाकीकडे बघितलं. पोवळी मिटली होती. जांभळी होती ती राखाडी पडली होती, काहींवरून कातडं सुटावं तसं काहीतरी लोंबत होतं. गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उताण्या पडल्या होत्या. साहेबांच्या समोर बशीत कोळंबी होती. इतकी वर्षं त्या घरात कोळंबी बशीत कुणी बघितली नव्हती. दोन मासे मात्र काही झालंच नाही असे फिरत होते.

इंदूताई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

"परवा गोगलगायी पडल्या," साहेब म्हणाले. "काल ही. सगळ्या तपासण्या केल्या. मीठ बरोबर, उष्णता बरोबर. शेवटी ही केली." त्यांनी एक छोटी काचेची नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. पाणी स्वच्छ असेल तर तपासणीच्या थेंबांनी रंग बदलत नाही. इथे बदलला होता. "तांबं आहे, अनंता. मासे सोसतात, ह्यांना सोसत नाही. वर जाऊन सगळं बघ. पाण्याच्या वाटेत कुठे धातू आलाय का."

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हे मला सातवीत शिकवलं होतं, आणि ते मला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आठवलं.

वर गेलो, दार लोटलं. नळ जिथल्या तिथे होता. ड्रमचं पाणी गच्चीवर सोडलं, नळ उघडून काढला आणि आत डोकावलो. पितळ आतून मळकं गुलाबी पडलं होतं आणि तोंडाशी बारीक हिरवट कड धरली होती. उपाशी पाणी तीन आठवडे त्याला चाटत होतं आणि चाटलेलं थेंब थेंब खाली नेत होतं. टाकीतलं पाणी उडून जायचं, तांबं राहायचं. उन्हाळ्याचं बादली बादली पाणी. आणि मीटर बिचारं नळाच्या आधीच बसवलेलं, ते आपलं रोज शून्य दाखवत होतं.

मी काय करतोय ह्याचा विचार केला नाही, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी विचार केला. चांगला केला. मी शहरातल्या मोठ्या लोकांच्या घरी जायला लागलो होतो ते केळुसकर साहेबांच्या शिफारशीवर. ते एकदा 'नको' म्हणाले असते तर माझी स्कूटर पुन्हा चाळीतल्या मोऱ्यांकडे वळली असती. पिशवीत प्लॅस्टिकचा नळ होताच. तो बसवला, ड्रम धुतला आणि पितळी नळ पँटच्या खिशात टाकला. पुसायला फडकं नव्हतं.

खाली आलो.

"सगळं बघितलंस?"

"हो साहेब. ड्रम धुऊन ठेवला. सगळं प्लॅस्टिक आहे."

"नळ?"

"प्लॅस्टिकचा."

शब्दाला शब्द खरं होतं. मला त्याही वेळी ह्याचं थोडं समाधान वाटलं होतं, आणि आज त्या समाधानाचीच जास्त शरम वाटते.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग हे आलं कुठून?"

मग इंदूताई दारातून एक पाऊल पुढे आल्या.

"साहेब, मी एकदा तांब्या बुडवला होता ड्रममध्ये."

"कसला तांब्या?"

"माझ्या वडिलांनी केलेला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सकाळी त्यांच्या नावाचा पाण्याचा करा भरायचा होता. घरात सगळ्यात शुद्ध पाणी ते, तुम्हीच म्हणता. म्हटलं, त्यांना चांगलं पाणी द्यावं. एकदाच बुडवला."

मी त्यांच्याकडे बघितलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणाचा संशय नव्हता. ही बाई आपण होऊन सांगत होती, आणि मी खिशावर हात ठेवून उभा होतो.

साहेबांनी वही ओढली, काहीतरी आकडेमोड केली. रागीट माणूस नव्हता तो, हिशेबी होता. मग म्हणाले, "इंदूबाई, एक तांब्या एकदा बुडवून एवढं तांबं येत नाही. रोज बुडवत असाल तर येईल. देवाला रोज तिथलंच पाणी नेत होता का?"

"नाही. एकदाच."

"मी रागावणार नाही. खरं तेवढं सांगा."

"खरंच सांगते, साहेब. आखाजीला, एकदा."

साहेब माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं? एकदा बुडवून येईल एवढं?"

नाही म्हणालो तर त्या खोट्या पडत होत्या. हो म्हणालो असतो तर साहेबांच्या आकडेमोडीपुढे मीच बावळट ठरलो असतो, आणि मग त्यांनी पुढचे प्रश्न विचारले असते. 'साहेब, नळ माझा होता' एवढे चार शब्द होते. मी म्हणालो, "एकदा बुडवून नाही येणार, साहेब."

हेही खरंच होतं.

इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "अनंता, तो नळ पितळेचा होता ना रे? मी तुला विचारलं होतं, कल्हई आहे का म्हणून."

"पितळेचा नळ?" साहेब सावरून बसले. "कुठे?"

"तो कधीच बदलला, ताई," मी म्हणालो. साहेबांकडे न बघता म्हणालो. "साहेब, जुना तुटला तेव्हा एक दिवसापुरता लावला होता. दुसऱ्या दिवशी लगेच बदलला."

"काल तर..." ताई बोलायला लागल्या आणि थांबल्या.

"काल काय?"

"काल सकाळी मी आकडा बघायला गेले तेव्हा पिवळा दिसला मला."

"जाऊन बघून या," साहेब म्हणाले.

त्या गेल्या. त्या जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. त्यांची पावलं वर जाताना ऐकली, मग दार, मग काहीच नाही. साहेब टाकीकडे बघत होते. केशरी मासे काचेपाशी आले होते, त्यांची खाण्याची वेळ झाली होती. मांडीला गार लागलं म्हणून मी खाली बघितलं. खिशातला नळ ओला होता, त्याचा डाग पँटवर पसरत चालला होता. मी पिशवी पुढे धरली.

त्या उतरून आल्या. वर जाऊन 'अजून पितळेचाच आहे' असं त्या म्हणाल्या असत्या तर कोण बघायला जाणार होतं? साहेबांना चढता येत नव्हतं. पण ते त्यांच्या मनात आलं नसणार.

"प्लॅस्टिकचाच आहे," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांची नजर माझ्या पिशवीच्या मागे गेली. डागावर थांबली. तिथून माझ्या तोंडाकडे आली. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाले, "इंदूबाई, चूक माणसाकडून होते. दुसऱ्यावर ढकलू नये. आणि खोटं बोलू नये. दहा वर्षं मी तुमच्या शब्दावर वही लिहितोय."

त्या तशाच उभ्या. मला वाटलं आता बोलतील. मी खाली बसून नळ्यांची गुंडाळी करायला लागलो, जी करायची काहीच गरज नव्हती. दोन गुंडाळ्या झाल्या, तिसरी झाली, तरी त्या दारातच होत्या.

शेवटी "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक करून, झाकून, मागच्या खोलीची किल्ली वहीवर ठेवून त्या गेल्या. हे मला साहेबांनीच सांगितलं. "मी थांबा म्हटलं असतं," ते म्हणाले, "पण एकदा तरी त्यांनी खरं बोलायला हवं होतं." मी हं म्हटलं.

पुढचं माझं सगळं छान झालं. साहेबांनी त्यांच्या ओळखीच्या दोन कंपन्यांमध्ये माझं नाव सुचवलं. पाण्याच्या मोठ्या प्लांटची कामं मिळाली. माझ्यासमोर एकदा फोनवर म्हणाले, "अनंता खैरनार. माझी खात्री आहे त्याच्यावर. साधा नळ एक दिवस चुकीचा लावला तर दुसऱ्या दिवशी स्वतः बदलणारा माणूस आहे." मी खुर्चीत बसून ऐकत होतो, चहा पीत होतो.

साहेबांचा समुद्र मात्र पुन्हा उभा राहिला नाही. त्यांनी पाणी बदललं, नवी पोवळी आणली. पण रोज वर जाऊन आकडा सांगणारं कुणी नव्हतं. नव्या स्वयंपाकीणबाईंनी दोन दिवस केलं, मग म्हणाल्या, जिना चढायचं ठरलं नव्हतं. मी म्हणालो, मी येत जाईन. आठवड्यातून एकदा जायला लागलो, मग महिन्यातून. वर्षभरात त्यांनी टाकी विकली. दिवाणखान्यात ती जागा रिकामीच राहिली, फरशीवर चार पायांच्या खुणा होत्या. मी भेटायला गेलो की त्या खुणांवर खुर्ची ओढून बसायचो, म्हणजे दिसू नयेत.

ह्या मार्चमध्ये साहेब गेले. मी खांदा दिला. मे महिन्यात एका रविवारी तांबट आळीत गेलो.

गंगापूर रोडवरून तांबट आळी स्कूटरवर पंधरा मिनिटं. मला पोचायला चौदा वर्षं लागली. भावाच्या घरी वरच्या मजल्यावर त्या राहतात हे मला सुरुवातीपासून माहीत होतं. खाली त्यांचा भाचा अजून भांडी घडवतो. जिन्यात त्याचे ठोके ऐकू येत होते.

इंदूताई खिडकीपाशी बसून परातीतल्या गव्हातले खडे काढत होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अनंता. पोट सुटलं तुझं."

"बसू का, ताई?"

"बस की." त्यांनी उठून पाणी दिलं. तोच तांब्या होता, ठोक्यांच्या खुणांचा, घासून लख्ख केलेला. मी त्यातलं पाणी पेल्यात ओतून घेतलं आणि पेला हातात धरून बसलो.

मग खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि नळ परातीपाशी ठेवला. चौदा वर्षं तो माझ्या दुकानाच्या खणात मागच्या बाजूला होता. टाकवला नव्हता.

त्यांनी उचलला, हातावर तोलला, एक डोळा मिटून आत बघितलं. वडिलांसारखं बघितलं असणार. "हलक्या प्रतीचं पितळ आहे," म्हणाल्या.

"ताई, त्या दिवशी तुम्ही खरं बोललात आणि मी खोटं बोललो. साहेबांनी वर पाठवलं तेव्हाच मी नळ बदलला. तुम्ही बघायला गेलात तेव्हा हा माझ्या खिशात होता."

"डाव्या," त्या म्हणाल्या.

मी घरातून निघताना बरंच काही जुळवून आणलं होतं. त्या एका शब्दानंतर त्यातलं काही आठवेना.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तिथेच, साहेबांसमोर?"

"बोलले की. दोनदा बोलले. माझा शब्द तिथे चालला नाही." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "तुझा चालत होता. म्हणून दारात उभी राहिले. म्हटलं, बोलेल हा. लहान आहे, घाबरलाय, पण बोलेल."

खालचे ठोके एका तालात चालू होते. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.

"साहेबांना सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"साहेब मार्चमध्ये..."

"गेले ते कळलं मला. त्याआधी सांगितलंस का?"

"नाही."

"म्हणजे ते गेल्यावर आलास."

कामं होती, जमलं नाही, तुमचा पत्ता नक्की माहीत नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला ह्यातलं काही ना काही सांगत आलो होतो. त्यांच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. साहेब असेपर्यंत खरं बोलायला मला किंमत मोजावी लागली असती. ते गेले, आणि मला तांबट आळीचा रस्ता सापडला.

"मला कामाचं वाईट वाटलं नाही," इंदूताई म्हणाल्या. "पोळ्या कुठेही लाटता येतात. पण ते गेले ते मला खोटी समजूनच गेले. आता त्यांना कोण सांगणार?"

मी मान खाली घातली. रडू येत होतं, पण तिथे बसून रडायचा हक्क मला नव्हता.

आणखी एक खडा बाजूला टाकून त्या म्हणाल्या, "मी तांब्या किती वेळा बुडवला होता?"

"एकदा."

"खाली ठोके चालू आहेत. ऐकू आलं नाही."

"एकदाच, ताई," मी मोठ्याने म्हणालो. "आखाजीला. एकदाच."

त्यांनी मान हलवली. परात मांडीवर सरळ केली, नळ उचलला आणि माझ्या रुमालावर ठेवला.

"पाणी पी," त्या म्हणाल्या. "आणि हा घेऊन जा. एकदा कळकवलं, तेवढं पुरे."

मी पाणी प्यायलो, नळ रुमालात बांधला आणि जिना उतरलो. खाली भाचा कुणा गिऱ्हाइकाला घागर दाखवत होता. त्याने मला विचारलं, काय हवंय. मी म्हणालो, काही नाही.